अमेरिकावाल्या बाई

अमेरिकावाल्या बाई कधीच अमेरिकेला गेल्या नव्हत्या. कोल्हापूरच्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर अमेरिकेचा इतिहास शिकवला, तोही यादवी युद्धानंतरचा, पहिल्या महायुद्धापर्यंतचा. रेल्वेचे, तेलाचे, पोलादाचे मालक, त्यांच्या खिशातले सिनेटर, शहराशहरांतून मतं गोळा करणारे दादा, गिरण्यांत राबणारी मुलं. निवृत्तीनंतर त्या न्यूझीलंडमधल्या पुकेकोहेला मुलीकडे राहायला आल्या. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या त्या मालकांवरचा राग त्या सोबत घेऊन आल्या होत्या. आमच्या मराठी मंडळातले लोक पाठीमागे त्यांना अमेरिकावाल्या बाई म्हणत आणि हसत. मीही हसले आहे.

त्यांच्या मुलीच्या, मेधाताईंच्या घरात मी एक खोली भाड्याने घेतली होती. ऑकलंडला माझा डिप्लोमा संपला होता आणि पुकेकोहेच्या एका पॅकहाउसमध्ये मला कांदे निवडण्याचं काम मिळालं होतं. मी कामावरून आले की बाई डेकवर बसलेल्या असायच्या. साडीवर लोकरी जॅकेट, पायांत मोजे आणि त्यावर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. हातात पुस्तक, आणि समोर माझ्यासाठी झाकून ठेवलेला चहा.

एक वाक्य त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती: 'त्या काळी तसंच होतं.' मंडळाच्या वाचनगटात त्या दर महिन्याला बोलायच्या. तिथे एकदा कुणीतरी सहज म्हणालं की, लहान मुलं कामाला जुंपायची त्या काळी पद्धतच होती. बाईंनी चष्मा काढला. "त्या काळी तसं नको म्हणणारेही होते," त्या म्हणाल्या. "ते तुरुंगात गेले, त्यांनी मार खाल्ला. मालकाचं नाव तुम्हाला पाठ आहे आणि त्यांचं नाही, हा काळाचा दोष नाही." 

न्यूझीलंड त्यांना आवडायचं ते एका कारणासाठी. इथल्या बायकांना मताचा हक्क अमेरिकेतल्या बायकांच्या कितीतरी आधी मिळाला, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. नात एकदा कंटाळून म्हणाली, "आजी, दॅट्स हीप्स ओल्ड." बाई शांतपणे म्हणाल्या, "जुनं आहे म्हणून तर तुला काही न करता मिळालंय."

माझ्या कामाविषयी त्या बारीकसारीक विचारायच्या. एका संध्याकाळी बोलता बोलता मी सांगितलं की, शिफ्ट चालू असताना आमच्या मागच्या दाराला साखळी लावून कुलूप घालतात. लोक सिगारेट ओढायला बाहेर जातात, वेळ वाया जातो, म्हणून. पॅकहाउसला माणसं पुरवायचं काम शिरीषभाऊंकडे होतं. आमच्या मंडळाचे अध्यक्षही तेच. गणपतीचा मांडव, प्रसाद, हॉल, सगळं त्यांच्याच पुढाकाराने व्हायचं. कुलपाची किल्ली त्यांच्या सुपरवायझरच्या खिशात असायची.

बाईंनी पुस्तक मिटलं. दार आत उघडतं की बाहेर, आत किती माणसं असतात, पुठ्ठ्याची खोकी कुठे रचतात, असं एकेक विचारत गेल्या. मग त्यांनी मला न्यूयॉर्कच्या एका कारखान्याची गोष्ट सांगितली. उंच इमारतीतले वरचे मजले, शिलाई मशीनवर ब्लाउज शिवणाऱ्या, परदेशातून आलेल्या गरीब मुली, आणि जिन्याचं दार कुलूपबंद, कारण मुली कापड चोरतील असा मालकांना संशय. आग लागली तेव्हा मालक गच्चीवरून निसटले. शंभराहून जास्त माणसं मेली. कित्येक मुलींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. पुढे खटला झाला आणि मालक निर्दोष सुटले.

मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "बाई, इथे फक्त कांदे आहेत."

"तिथे फक्त ब्लाउज होते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी मेधाताईंना गाडी काढायला लावून त्या पॅकहाउसवर आल्या. आमची चहाची सुट्टी चालू होती. शिरीषभाऊंनी सगळ्यांसमोर वाकून त्यांना नमस्कार केला आणि साखळी आजच निघेल असा शब्द दिला. साखळी निघाली. आठवड्याभराने पुन्हा लागली. मी ते बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी कामगारांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या सरकारी कार्यालयाला तक्रार लिहिली. खाली स्वतःचं नाव, पत्ता, फोन. माझं नाव कुठेही नव्हतं.

निरीक्षक यायच्या दिवशी सकाळीच साखळी गायब झाली होती. भाऊंना कुणी कळवलं ते मला आजही माहीत नाही. आदल्या दिवशी त्यांनी आम्हा सात मराठी मुलामुलींना बोलावून घेतलं होतं. आवाज चढवला नाही. आमचे व्हिसा त्यांच्या कंपनीवर आहेत आणि कंपनी बंद पडली तर आम्हालाच परत जावं लागेल, याची त्यांना फार काळजी वाटते, एवढंच ते म्हणाले. निरीक्षक बाई भल्या होत्या. "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून त्यांनी मला समोर बसवलं, घाबरू नकोस म्हणाल्या आणि दाराबद्दल विचारलं. मी म्हटलं, दार नेहमी उघडंच असतं. सातही जणांनी तेच सांगितलं. तक्रारीत तथ्य नाही असं पत्र बाईंच्या घरी आलं.

मग मंडळाने जे केलं ते आठवलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक उठते. बाईंची वाचनगटातली भाषणं बंद झाली. आरतीला त्या जिथे उभ्या राहिल्या तिथली माणसं हळूच सरकली. ज्यांना मुलांच्या निबंधासाठी बाई हव्या असायच्या, ते आपल्या माणसाविरुद्ध गोऱ्यांकडे गेल्या म्हणून त्यांना नावं ठेवू लागले. आपला माणूस म्हणजे कुलूप लावणारा. आत कोंडलेले आम्ही कुणाचे होतो, हे एकानेही विचारलं नाही. मेधाताईंनीही शेवटी थकून आईला एकदा माफी मागून टाकायला सांगितलं. बाईंनी मागितली नाही.

मला राहवेना. एके दिवशी त्या मेथी निवडत होत्या तेव्हा त्यांच्या समोर बसून मी सांगून टाकलं की मी खोटं बोलले.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. हात थांबले नाहीत. "मी रागावले आहे तुझ्यावर. नाही असं सांगणार नाही. पण तुझा व्हिसा ज्याने मुठीत धरलाय, त्याच्यावर आधी रागावले आहे. आधी कुणावर रागवायचं, एवढं तरी शिकून घे."

त्यांनी मला माफ केलं नाही. जवळही घेतलं नाही. माझ्यापुढे निवडायला एक जुडी सरकवली, आणि आम्ही दोघी मेथी निवडत बसलो.

थंडी संपायच्या आत त्या कोल्हापूरला परत गेल्या. इथली हवा मानवत नाही, असं मेधाताई लोकांना सांगत. पुढे मी दुसरी नोकरी धरली, मला रेसिडेन्सी मिळाली, मी दुसऱ्या शहरात, रोटोटुनाला राहायला गेले. बाईंना मी अधूनमधून फोन करायचे. दाराचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मीही नाही. गेल्या वर्षी त्या गेल्या.

मंडळाने शोकसभा ठेवली. अध्यक्ष अजून शिरीषभाऊच. बाई म्हणजे मंडळाचा आधार होत्या, त्यांच्या शिकवणीवरच आपण चालतो आहोत, असं ते बोलले आणि त्यांनी रुमालाने डोळे टिपले. तो रुमाल पाहून मी उठले. माझं नाव यादीत नव्हतं तरी माईक घेतला आणि सगळं सांगितलं: साखळी, कुलूप, आमचे सात जबाब, त्यातला माझा. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. ही वेळ नाही, असं म्हणत सेक्रेटरी माईक काढून घ्यायला पुढे आले.

पहिल्या रांगेत मेधाताई बसल्या होत्या. त्या उठून माझ्या आणि सेक्रेटरींच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"तिला बोलू द्या," त्या म्हणाल्या. "आईला बोलू दिलं नाही आपण. मीसुद्धा."

दुसऱ्या दिवशी मी सरकारी कार्यालयाला लिहिलं. त्या सातांपैकी आणखी दोघांनी सही केली, चौघांनी फोन उचलला नाही. या वेळी निरीक्षक न कळवता गेले, तेव्हा दाराला साखळी होती. इतक्या वर्षांनंतरही होती, आणि आत आमच्यासारखीच नवी मुलं होती. शिरीषभाऊंचं काम गेलं. अध्यक्षपद मात्र गेलं नाही. यंदाच्या गणपतीत मंडळाने शाल देऊन त्यांचा सत्कार केला.

सत्काराच्या दिवशी मी आणि मेधाताई पॅकहाउसच्या गेटसमोर गाडी लावून बसलो होतो. शिफ्ट सुटली आणि मागच्या दाराने मुलं बाहेर आली, हसत, डबे हलवत. आम्हाला त्यांच्यापैकी कुणी ओळखत नव्हतं. शेवटची मुलगी बाहेर पडेपर्यंत मेधाताई मोजत होत्या.