धक्क्यावरची हाक

गुनवोरबद्दल हाल्वरला फारसं काही ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं तो शाळेची आणि टपालाची बोट घेऊन तिच्या धक्क्याला लागत होता, पण तिच्या डोळ्यांचा रंग कुणी विचारला असता तर त्याला सांगता आला नसता. बोट लागून सुटेपर्यंत दोन माणसं जेवढं बोलतील तेवढंच त्यांचं बोलणं. तिला पुरून आल्यावर सगळे कॉफीला बसले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "हाल्वर, तू बोल की. तू तर रोज भेटायचास." तो कपात बघत राहिला. त्याच्याजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती चार माणसांत सांगण्यासारखी नव्हती.

त्या छोट्या बेटावर गुनवोरचं एकच घर. नवरा महिनोन्महिने दूरच्या समुद्रावर मासेमारीला. घरात ती आणि सहा वर्षांची सोल्वी.

ऑगस्टमधला शाळेचा पहिला दिवस. धुकं एवढं, की धक्क्यावरून घरही जेमतेम दिसत होतं. सोल्वीपेक्षा तिचं दप्तरच मोठं.

"पोटात काही गेलंय का हिच्या?" हाल्वरने विचारलं.

"हिच्या गेलंय. माझ्याच घशाखाली उतरलं नाही." गुनवोर हसली. "सहा वर्षं म्हणत होते, घटकाभर घर रिकामं मिळू दे. आता मिळतंय, तर बघा."

हाल्वरने दोर सोडला. बोट हातभर सरकली, आणि गुनवोरच्या तोंडून हाक निघून गेली, "सोल्वी!"

सुटलेल्या बोटीतल्या माणसाला त्या किनाऱ्यावर मागून हाक मारत नाहीत. चुकून मारलीच, तर बोट परत लावायची, त्या माणसाने जमिनीवर एक पाऊल टेकवायचं, मग निघायचं. नाहीतर त्याचं काहीतरी हाकेसरशी मागे राहतं, असं जुनी माणसं म्हणत. सोल्वीने मान वळवली होती. पण उशीर झाला होता, आणि बोटीतली मोठी पोरं खिदळत होती, "आजोबा, आता मागे फिरणार की काय? भुताला भ्यालात!" हाल्वरने हाक ऐकलीच नाही असं दाखवलं.

दोन आठवड्यांनी दोर बांधता बांधता गुनवोर म्हणाली, "तुमची बोट गेली ना, की घरात पावलं वाजतात."

"मेंढी शिरली असेल."

"मेंढी टेबलाखाली बसून गाणं म्हणत नाही, हाल्वर."

ती घाबरलेली नव्हती. उलट चेहरा उजळला होता. हाल्वरला भीती वाटली ती त्याचीच.

सप्टेंबर सरत आला तेव्हा एका सकाळी सोल्वी बोटीत त्याच्याजवळ येऊन बसली. मेणकागदातला चीज लावलेला पाव आत्ताच उघडून चघळत म्हणाली, "आजोबा, मी घरी गेले की आई विचारते, तू कशाला आलीस?"

"चेष्टा करत असेल."

"नाही. ताटल्या दोनच मांडते. माझी मला आणावी लागते."

हाल्वरने मागे वळून पाहिलं. गुनवोर अजून धक्क्यावरच उभी होती. वरच्या घरात, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, पडदा कुणीतरी बाजूला धरला होता. सहा वर्षांच्या पोराचा हात पोहोचेल तेवढ्याच उंचीवर. आणि सोल्वी त्याच्यासमोर पाव खात होती.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दोर सोडला, बोट हातभर जाऊ दिली आणि इंजिन बंद केलं.

"गुनवोर, हाक मार हिला."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "नको. हाक मारली तर ती जाईल."

"जाऊ दे."

"ती अजून बुटांचे बंद माझ्याकडून बांधून घेते हो! ही तर आता माझं बोटही धरत नाही."

"ही इथे उभी आहे, गुनवोर. आणि हिला ऐकू येतंय."

सोल्वी आईकडे बघत होती. रडत नव्हती, नुसती बघत होती. गुनवोरने ओठांवर हात दाबला, मागे घराकडे पाहिलं, मग हात खाली घेतला.

"सोल्वी," ती म्हणाली. जेमतेम ऐकू आलं.

हाल्वरने वल्ह्याने बोट परत लावली. सोल्वीने ओल्या दगडावर एक पाऊल टेकवलं. वारा नसताना वरच्या घराचं दार उघडलं, आणि उघडंच राहिलं. सोल्वी परत बोटीत चढली, तेव्हा बोट दोन पोरांच्या वजनाने कलली. हाल्वरने आयुष्यभर पोरं चढवली-उतरवली होती. त्याची चूक होणं शक्य नव्हतं.

दुपारी तीनला गुनवोर धक्क्यावर हजर होती. सोल्वी उतरताच ती गुडघे टेकून बसली आणि तिच्या बुटांचे बंद सोडून पुन्हा बांधू लागली. सोल्वीने बांधू दिले.

"घर फार शांत होतं आज," गुनवोर मान वर न करता म्हणाली.

त्यानंतर तो विषय दोघांनीही काढला नाही. सोल्वी मोठी झाली, शिकायला शहरात गेली, तिकडचीच झाली. गुनवोर मात्र रोज सकाळी बोटीला यायचीच.

शेवटच्या शुक्रवारीही आली. धुकं होतं.

"सोल्वीचं पत्र?"

"आज नाही. दुकानातलं पीठ आलंय."

"ठेवा त्या दगडावर. कोरडा आहे."

"सोडू का दोर?"

"सोडा," ती म्हणाली. "सावकाश जा."