तारीखमामा

तारीखमामा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. मोटारसायकल दुकानासमोर थांबली की आधी उकिडवे बसायचे, टायरच्या बाजूला उमटवलेले चार आकडे शोधायचे, आणि ते वाचून झाल्यावरच मान वर करून ‘जय भीम’ म्हणायचे. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर कधी बनला ते त्यावरून कळतं, हे निम्म्या मोहने गावाला त्यांनीच शिकवलं. त्यांचं खरं नाव मी परवा, ते गेल्याचा निरोप आला तेव्हा, पहिल्यांदा वाचलं. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. जे त्यांच्यासमोर कधी बोललो नाही, ते आता लिहून काढतो आहे.

मी मोहन्याच्या शाळेत शिकवायचो. मामा तिथल्याच कारखान्यात होते. तो बंद पडल्यावर त्यांनी शाळेच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये टायरचं दुकान टाकलं आणि पंक्चरं काढून तीन मुलं शिकवली. मला ते ‘सर’ म्हणायचे, आणि दटावायचे मात्र विद्यार्थ्यासारखं.

बाळकुमला राहणारा माझा मेहुणा परदेशी गेल्यावर त्याची मोटारसायकल सोसायटीच्या आवारात चार वर्षं उभी होती. ती मग माझ्याकडे आली. टायरची नक्षी अगदी कोरी, खोल. मी ऐटीत मामांकडे नुसती हवा भरायला गेलो. त्यांनी आकडे वाचले आणि टायरमध्ये अंगठ्याचं नख दाबून बघितलं. नखाची खूणसुद्धा उमटली नाही.

“गाडी उभी होती वाटतं, सर?”

“चार वर्षं. पण टायर नवेच आहेत की. नक्षी बघा ना!”

“फोटो बघून पोरगी देता का? वय विचारा! हा काय आता रबर राहिला नाय, लाकूड झालंय. कोरड्यात चालेल, ओल्यात सोडून देईल. मागं कोण बसतं?”

“मुलगी. कॉलेजला सोडतो तिला.”

“मग मी हवा पण भरणार नाय.”

आणि खरंच भरली नाही. मी चिडलो. चिडूनच म्हणालो, मग निदान रुंद टायर द्या, हल्लीच्या पोरांच्या गाड्यांना असतात तसे. त्यावर ते हसले. “ते फोटो काढायला असतात, सर. गाडीला जो साइज दिलाय तोच घ्यायचा. आणि पुढचा-मागचा एकाच दिवशी बदला, एक म्हातारा आणि एक जवान नको.” मी घासाघीस करत असताना त्यांनी चाक काढलंसुद्धा होतं.

एक वाजता मामी डबा घेऊन यायच्या आणि नव्या टायरांच्या चळतीवर बसायच्या. तिथे दुसऱ्या कुणाला बसायची परवानगी नव्हती. त्या दिवशी आमची हुज्जत ऐकून मामी म्हणाल्या, “सर, लग्नाच्या वेळी ह्यांनी माझीपण तारीख वाचायला पाहिजे होती. दोन वर्षांनी मोठी आहे मी!” मामा लाजून पाना शोधायला आत गेले. चाळीस वर्षांच्या संसारानंतर लाजणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

एवढ्या काटेकोर माणसाची स्वतःची गाडी मात्र नेहमी दुसऱ्यांच्या उतरवलेल्या टायरवर चालायची. नवा टायर गिऱ्हाइकाचा, काढलेल्यातला बरा असेल तो आपला, हा त्यांचा नियम. कारखाना सुटल्यानंतरच्या वाईट दिवसांत तो पडला आणि बरे दिवस आल्यावरही सुटला नाही. माझे दोन्ही टायर त्यांनी “राहू दे इथेच” म्हणून ठेवून घेतले, तेव्हा ते भंगारात जातील असंच मला वाटलं.

महिन्याभराने त्यांच्या गाडीच्या मागच्या चाकावर मला पांढऱ्या रंगाचा ओघळ दिसला. बाळकुमची इमारत रंगवताना माझ्या टायरवर सांडलेला तो रंग मी चांगला ओळखत होतो. मी हसत हसत म्हणालो, “काय मामा, ह्याची तारीख नाही वाचली?”

“आपलं काय, सर! दुकान आणि घर. मी हळूच चालवतो.”

मामीही हसल्या. मला चहा दिला, मी तो प्यायलो आणि घरी आलो. तेवीस वर्षं मुलांवर ओरडलो, पण त्या एका दिवशी, जिथे खरंच ओरडायला हवं होतं, तिथे मी विनोद केला. मामीही त्याच गाडीवर मागे बसतात हे मला दिसत होतं, समजतही होतं. मामांनी माझ्या मुलीसाठी जे केलं, ते मी मामींसाठी केलं नाही.

खडवलीला मामींच्या बहिणीकडे नातीचं नामकरण होतं. रविवारची सकाळ, मोकळा रस्ता. पाण्याच्या टँकरने वळणावर पाणी सांडलं होतं. मागचं चाक सरकलं. मामांचा उजवा हात मोडला. मामी जागीच गेल्या.

भेटायला गेलो. “मामा, तो टायर माझा...” एवढंच म्हणालो. त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. “तुमचं काय नाय त्यात, सर. तारीख मी वाचली होती.”

पुढच्या आठवड्यात दुकान उघडं दिसलं म्हणून थांबलो. मामा जमिनीवर बसून, उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हाताने करवत चालवत होते. भिंतीवरचे सगळे उतरवलेले टायर त्यांनी खाली काढले होते. भंगारवाला बाहेर उभा होता. “अख्खे द्या ना मामा, दोन-चार तरी चांगले आहेत ह्यात,” म्हणाला. मामांनी मान हलवली. कापल्याशिवाय एकही टायर त्या दुकानातून बाहेर जाणार नव्हता. कडेची तार काही डाव्या हाताला तुटत नव्हती. मी त्यांच्या हातातून करवत घेतली आणि समोर बसलो. ते टायर धरायचे, मी कापायचो. दुकान बंद करून ते लेकाकडे नाशिकला जाणार होते. त्या दिवसानंतर आमची भेट झाली नाही.

शेवटचे दोन-तीन टायर राहिले तेव्हा ते बोलले.

“तिला आकडे वाचता यायचे, सर. एवढी वर्षं दुकानात बसली. पण आमच्या गाडीचे कधी वाकून बघितले नाय तिनं. त्या दिवशी निघताना काय वाटलं कोण जाणे, विचारलंन, ‘अहो, टायर बरा आहे ना?’”

मी करवत थांबवली.

“मी हसत म्हटलं, ‘बस गं. सरांचा आहे, नवाच आहे.’”