चोराच्या चपला

हे घडलं ते शोभाताईंमुळे. आमच्या सिनेमात कपडेपट त्या सांभाळायच्या. शाळा अर्धवट सोडून गावाहून लांब आलेला मी त्यात चोर होतो. डोंबिवलीतल्या फ्लॅटमध्ये चोरीला शिरताना मी सवयीनं दाराशी चपला काढल्या. दिग्दर्शक ओरडले, “चोर आहेस की पाहुणा?” वाटलं, गेलं काम! शोभाताई म्हणाल्या, “राहू द्या हो, चोरालाही आईनं वळण लावलेलं असतं!”

काल थिएटरात जीव मुठीत धरून बसलो होतो. पडद्यावर मी चपला काढून नीट जोडीनं ठेवल्या आणि अख्खं थिएटर हसलं! अंधारात शेजारचे आजोबा म्हणाले, “आपल्यातलाच दिसतोय!” गाव मागे राहिलं, पण उंबरा पायांबरोबर इथवर आला होता.

ताई, कधीतरी माझंही घर होईल. त्याच्या दाराशी पहिल्या चपला तुमच्या असतील.