जँडलच्या पलीकडचा टर्की

त्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. न्यूझीलंडमधल्या टौरंगाजवळच्या एका फार्मवर आम्ही वीकेंडला उतरलो होतो. सकाळी एकटाच फिरायला निघालो, तर कुंपणाला टेकून सत्तरीच्या एक बाई गवतात पाय पसरून बसलेल्या. मांडीवर शॉटगन, शेजारी चहाचा थर्मास. "किआ ओरा," असा माओरी नमस्कार त्या कुजबुजल्या आणि मला शेजारी बसायची खूण केली. रानटी टर्कीची वाट बघत होत्या.

समोरच्या कुरणात एका खुंटाला जुनी लाल जँडल, म्हणजे इकडची रबरी चप्पल, ठोकलेली होती.

"माझे छर्रे तिथपर्यंतच एकत्र राहतात. कागदावर गोळ्या झाडून बघितलंय मी. त्यापुढे ते पांगतात आणि पक्षी नुसता जखमी होतो. म्हणून जँडलच्या पलीकडचा टर्की माझा नाही."

तेवढ्यात एक धिप्पाड टर्की आला आणि नेमका जँडलच्या पलीकडे पिसारा फुलवून येरझाऱ्या घालू लागला. बाईंनी बंदूक खांद्याला लावली. मी श्वास रोखून धरला. पण तो काही अलीकडे येईना. शेवटी बंदूक खाली ठेवून त्यांनी हसत हसत चहा ओतला. "रोज असाच छळतो मेला!"

माझ्यातला इंजिनिअर कसला गप्प बसतोय! "मग नळीच्या तोंडाला आणखी अरुंद चोक लावा की. छर्रे लांबपर्यंत एकत्र जातील."

"आहे ना." त्यांनी खिशातून चकचकीत नवा चोक काढून मला दाखवला आणि परत खिशात टाकला. "पण मग उद्या सकाळी मी उठू कुणासाठी?"