"काही देल्लं का?" विचारत फिरताना

लोक दान कसं करतात, एकमेकांसाठी फुकटात काय काय करतात, याचा सर्व्हे भारतात आणि शेजारच्या देशांत चालू आहे. नागपूरचं काम धरमपेठेतल्या आमच्या छोट्या ऑफिसकडे. म्हणजे मी आणि माझा सहकारी प्रशांत! आकडे रिपोर्टमध्ये जातात. किस्से मात्र रिकाम्या डब्यासोबत घरी येतात, आणि आता घरच्यांनीही हात टेकलेत.

*

हुडकेश्वरला एका काकांनी 'दान' हा शब्द ऐकताच दार लावलं. "आम्ही नाही देत काही!"

जिना उतरत होतो, तर वरून हाक. "थांबा गा! एवढ्या उन्हात काहून फिरून राहिले?"

पन्हं आलं. मग दुसरा ग्लास. निघताना काकांनी पुन्हा बजावलं, "पण दान-बिन नाही हं!"

*

सावनेरला प्रशांतने एकाला विचारलं, "रक्तदान केलं कधी?"

"केलं ना! साळ्याच्या ऑपरेशनले."

"आता बरा आहे तो?"

"एकदम मस्त! फक्त माह्यावानी चिडाले लागला. बायको म्हणते, एक कमी होता काय!"

*

काठमांडूची सरिता तिकडे हेच काम करते. व्हिडिओ कॉलवर आमच्या हिंदीत गप्पा चालतात. डोंगरातल्या एका आजीला तिने विचारलं होतं, "अनोळखी माणसाला कधी मदत केलीत?"

आजी म्हणाली, "दारी आलेला जेवून जातो. जेवल्यावर तो अनोळखी कुठं राहतो?"

प्रशांतने लगेच विचारलं, "सरिताजी, फॉर्म में इस जवाब का कोड क्या डाला?"

*

उमरेडच्या सुमनमावशींच्या घरातला हातमाग कधीच बंद पडला. आता मुलाचं किराणा दुकान आहे. आम्ही ओसरीवर बसलो.

"मावशी, वर्षभरात कोणाला काही दिलं का?"

"देल्लं ना. माह्या बुढ्याचे डोळे."

प्रशांतने हातातला टॅब मांडीवर पालथा ठेवला.

"त्याईचीच इच्छा होती. पोरगा नाही म्हणे. मी म्हटलं, बापाचं आईक."

मग त्या माझ्याजवळ सरकल्या. "बाई, ज्याले भेटले, त्याले दिसते ना बरोबर?"

"दिसत असणार, मावशी."

"तसं नाही वं. बुढ्याले जाड चष्मा होता."

त्या आत गेल्या, चष्मा घेऊन आल्या, पदराने काचा पुसल्या आणि माझ्या हातात ठेवला.

"त्या माणसाले लागत असंल. एवढा नेऊन देता काय?"