फटफटीचे जादा दिवे

गावात पहिली फटफटी माझी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळेच ते सोयीस्करपणे विसरले. जुनीच होती, पण सुरू केली की अर्ध्या गावाला कळायचं. साठ सालानंतरची गोष्ट. वर्षभर मी ऐटीत मिरवलो. मग माझ्या चुलतभावानेही एक घेतली. तीही जुनी, माझ्या फटफटीपेक्षा जास्त पोचलेली. पण हा गडी तळोद्याला गेला. डोंगरातल्या गावांना जाणाऱ्या जीपा दुरुस्त करणारा एक मिस्त्री तिथे होता. त्याच्याकडून मोडीतल्या जीपचे दोन पिवळे दिवे घेऊन मूळ दिव्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्टीवर बसवून आला.

झालं! संध्याकाळी तो शिवारातून यायला लागला की पोरं ओरडायची, "भाऊनी फटफटीले तीन डोया शेतस!" कापसाच्या गाड्यांवर पेंगणारे गाडीवान ते तीन डोळे लांबूनच ओळखून बैल कडेला घ्यायचे. माझ्यासाठी कोणी हलत नसे. मी भोंगा वाजवून वाजवून अंगठा दुखवून घ्यायचो. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

तरी तेही सोसलं असतं. सोसवलं नाही ते आबांचं वागणं. आबा म्हणजे माझे वडील. बाजारच्या दिवशी ते शहाद्याला जायचे ते माझ्या मागे बसून. पूर्वी परतायची त्यांना फार घाई असे. दिवस मावळायच्या आत घर गाठायचंच, म्हणून चहासुद्धा धड पिऊ देत नसत आणि त्यावरून आमची जुंपायची. चुलतभावाची फटफटी आल्यावर मात्र आबा बाजारात निवांत अंधार पडेपर्यंत बसायला लागले. निघताना मला म्हणायचे, "तू हो पुढे. मी याना मांगे बठस."

सकाळी जाताना माझ्या मागे, संध्याकाळी येताना पुतण्याच्या मागे! भर बाजारात, चार लोकांसमोर! माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. दोन दिवे जास्त आहेत म्हणून माणसाने पोटच्या पोराची फटफटी सोडावी? घरी बायकोला हे म्हणालो तर ती म्हणाली, मग तुम्हीही लावून आणा की दिवे. सल्ला बरोबर होता, म्हणून मी तिच्यावरही चिडलो.

पुढच्याच आठवड्यात तळोदा गाठलं. त्याच मिस्त्रीला म्हणालो, त्याला दिलेस त्याच्यापेक्षा मोठे दे. त्याने दिले. पट्टी ठोकली, हँडलजवळ वेगळं बटण बसवलं, तारा ओढल्या. मग म्हणाला, "मांगे कोनले तरी बसाडा, मंग मी लाइट बांधस." माणूस बसला की मागचं चाक दबतं आणि उजेड वर जातो, असं त्याचं म्हणणं. मला तेवढा दम कुठला? मी म्हटलं, तू बांध, आणि जरा उंचच बांध, लांबून दिसले पाहिजेत. मला रस्ता दिसावा म्हणून दिवे नकोच होते, मी दिसावा म्हणून हवे होते. हे आज कळतं. तेव्हा कोणी सांगितलं असतं तर त्याच्याशी भांडलो असतो.

बाजारचा दिवस आला. परतायच्या वेळी मी चुलतभावाच्या आधीच आबांपुढे फटफटी उभी केली आणि तिन्ही दिवे लावले. चार माणसं वळून बघायला लागली. चुलतभाऊ लांबून हसला आणि म्हणाला, "बठा आबा, नवा लाइट शे." त्याचा तो मोठेपणाही मला खुपला. आबा घुटमळले, मग बसले. मी जिंकलो.

शहादा मागे पडलं तसं लक्षात आलं की माझा उजेड रस्त्यावर नाहीच. कडुलिंबांचे शेंडे लखलखत होते, झाडावर बसलेले बगळे उठून कलकलाट करत होते, आणि चाकापुढे काळोख. थांबून दिवे खाली वाकवायला हवे होते, पण चुलतभाऊ मागून येत होता. त्याच्या डोळ्यांदेखत थांबायचं? मी वेग वाढवला. गाडीवाटेच्या खोल चाकोरीत पुढचं चाक गेलं आणि आम्ही दोघेही धुळीत आडवे झालो.

कोणाला फारसं लागलं नाही. मी उठून आबांपुढे हात केला. त्यांनीही हात पुढे केला, पण भलतीकडेच, हवेत. ते चाचपडत होते. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो, आडव्या फटफटीचा उजेड दोघांच्याही अंगावर होता.

"आबा, तुमले दिसत नही?"

"सांज पडनी का काहीच दिसत नही. दोन-तीन वरीस व्हयनात." धोतर झटकत ते म्हणाले. "तुन्हा लाइट लागनात का बुझनात, माले सारखंच. तो माले रस्ता सांगत चालस. आते खड्डा शे, आते वळण शे, धरीसन बठा. म्हनीसन मी त्याना मांगे बठस."

 त्याला सांगितलं आणि मला नाही, याचाच मला राग आला. "त्याले सांगं, माले काब्र नही सांगं?"

आबांनी आवाजाकडे तोंड वळवलं. लांबून चुलतभावाची फटफटी येताना ऐकू येत होती.

"त्याले बी नही सांगं," ते म्हणाले. "त्याले आपसूक समजनं."

चुलतभाऊ येऊन थांबला. काय झालं ते त्याने विचारलं नाही. आबांचा हात धरून मागे बसवलं, आणि हळूहळू, एकेक खड्डा सांगत त्यांना घेऊन गेला. मी माझे सगळे दिवे बंद केले आणि तिथेच उभा राहिलो. त्याच्या दिव्यांचा नव्हे, त्याचा हेवा मला त्या दिवसापासून वाटायला लागला, आणि तो अजून गेलेला नाही.