छोट्या पुडीचं प्रहसन

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील शेतकऱ्यांच्या सभांना जात आणि गुलाबी-पिवळे कागद घेऊन परत येत. मी त्यांवरच वाचायला शिकले. त्यामुळे टीव्ही बघतानाही मला तीच सवय लागली: कोण बोलतंय, कोणाच्या बाजूनं बोलतंय आणि गप्प कोणाला बसवलंय.

टीव्हीवर माझा जीव होता. नांदुऱ्याजवळच्या आमच्या गावात वीज असेल तेवढा वेळ मी तो बघत असे. विनोदी मालिकांबद्दल माझं मत तेव्हाही वाईट होतं, आजही आहे. सगळ्या एखाद्या शहरी सोसायटीत घडतात आणि तिथला गडी हमखास आमच्याकडचा असतो. तो 'मले' म्हणाला की मागून हसण्याचा आवाज सोडतात; वाक्यात गंमत असो वा नसो.

विज्ञानमालिका मला जास्त आवडत, म्हणून त्यांच्यावर रागही जास्त. हिंदीत आणलेल्या एका परदेशी मालिकेत पृथ्वी संपल्यावर उरलेली माणसं यानात राहत. युद्ध, प्रेम, बंड, सगळं होतं; पण त्या यानात पेरतं कोण, हे शेवटपर्यंत कोणी दाखवलं नाही. मराठीतल्या एका मालिकेतलं कालयंत्र दर आठवड्याला कुठल्यातरी राजदरबारात जाई. बाजार समितीच्या आवारात ते एकदाही उतरलं नाही.

ही मतं मी माझ्या आतेभावाला ऐकवत असे. तो मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता आणि कोणाचीही नक्कल करायचा: व्यापाऱ्याची, गुरांच्या डॉक्टरची, माझीसुद्धा. त्याला टीव्हीवर जायचं होतं. एका विनोदी कार्यक्रमासाठी कलाकारांची निवड मलकापुरात होणार असं कळलं, तेव्हा आत्यानं त्याला बजावलं, "या खेपेले जमलं तं जमलं. नाही तं वावर पाहा."

तो माझ्याकडे आला. "टीव्हीले नावं ठेवतं ना वं तू? मंग आता लिवून दाखव."

मी लिहिलं. परग्रहावरचा एक पाहुणा कापूस न्यायला आमच्या वावरात उतरतो, एवढीच कल्पना. त्याच्याकडेही बोंडअळी आहे, म्हणून शेतकरी त्याला बीटीचं, म्हणजे अळीला मारणाऱ्या कपाशीच्या बियाण्याचं, पाकीट देतो. त्या पाकिटात तेव्हा साध्या बियांची एक छोटी पुडी येत असे. ती वावराच्या कडेनं पेरायची, म्हणजे अळ्यांना साधी पऱ्हाटी, बीटी नसलेली कपाशीही खायला मिळते आणि सगळ्याच अळ्या बीटीला सरावत नाहीत. आमच्या गावात ती कोणी पेरली नाही. अळीसाठी मुद्दाम पेरायचं, ही कल्पनाच लोकांना वेडगळ वाटे. पुडी सरळ धुऱ्यावर, वावराच्या बांधावर जायची.

निवड एका मंगल कार्यालयात होती. समोर मुंबईहून आलेले दोन परीक्षक, मागे आमचीच माणसं. दोन्ही भूमिका आतेभाऊच करत होता. त्यानं खिशातून पुडी काढून नुसती वर धरली आणि सभागृह हसायला लागलं.

"धुऱ्यावर फेक बे!" मागून कोणीतरी ओरडलं.

"थांबा ना हो, पाव्हणा इचारून राह्यला," आतेभाऊ म्हणाला आणि पाहुण्याच्या आवाजात त्यानं विचारलं, "ही पुडी कशाची?"

"तो अळीचा डबा हाय."

"अळीला डबा कशाला?"

"मले काय मालूम? मी तं फेकून देतो."

पाहुणा पुडी यानाच्या खिडकीतून फेकतो. पुढच्या साली त्याचा फोन येतो: अळीनं पऱ्हाटी संपवली, आता यानाच्या तारा खाऊन राह्यली. लोक डोळे पुसत हसले. प्रत्येकानं ती पुडी स्वतःच्या हातानं फेकलेली होती.

परीक्षक एकमेकांकडे बघत होते. एकानं विचारलं, "त्या पुडीत काय होतं?"

आतेभाऊ समजावू लागला. परीक्षकानं मध्येच हात वर केला. "ते राहू दे. तू आता बोलतोयस ना, तसंच बोल."

"कसं?"

"हेच. मले, तुले. काहीही."

आतेभावानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं. तो परीक्षकांकडे वळला.

"साहेब, मले पानी पाह्यजे. तुमालेबी देऊ का?"

दोघंही खो खो हसले. मागे मात्र कोणीच हसलं नाही. त्याची निवड झाली.

परतीच्या बसमध्ये मी त्याला विचारलं, "तसा बोलला काऊन?"

"पास झालो ना वं."

"गड्याचं काम देतील तुले."

"देऊ दे. गडी तं मी इथंबी हावच."

यावर एकाही पत्रकात मला उत्तर सापडलं नाही. तो मुंबईला गेला आणि वर्षभरात एका मालिकेत दिसू लागला. काम अर्थातच गड्याचं. चहा आणायचा, काहीतरी सांडायचं, 'मले' म्हणायचं. ती मालिका मी सलग पाहिली. लेखन आळशी होतं. तो मात्र चांगला होता. चहाचा ट्रे ठेवताना घरमालकाकडे असा बघायचा की तेवढ्यापुरता तो दिवाणखाना लहान दिसे. मागून सोडलेलं हसू नेमकं त्या जागी नसे.

एका भागानंतर आत्यानं मला विचारलं, "बरं करते ना वं तो?"

"तो बरं करते. मालिका भिकार आहे."

"मालिका कोन पाह्यते वं?" आत्या म्हणाली. "म्या तं त्याले पाह्यलं."